शेवटच्या नळाचं पाणी



स्मृतिव्याख्यानाच्या सुरुवातीला वक्त्यानं ज्यांच्या स्मरणार्थ ते होतं त्यांचा गौरव करावा असा रिवाज आहे. ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांना मी पाहिलेलं नाही, तुमच्यातल्या अनेकांना त्यांनी शिकवलं आहे. त्यांच्याविषयी तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला सांगणं शोभणार नाही. तेव्हा सरळ विषयावर येतो. माझी उमेदीची वर्षं पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासण्यात गेली, आणि आज बोलायचं आहे तेही पाण्याविषयीच. सुरुवात तुमच्या बमरोलीपासूनच करतो.

सुरत महानगरपालिकेचं मोठं मलशुद्धीकरण केंद्र बमरोलीत आहे. तिथून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की या जागेचं नाव देशभरातल्या पाणीपुरवठ्याच्या परिषदांमध्ये आदरानं घेतलं जातं. २०१४ मध्ये इथे दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेचा एक जोडप्रकल्प सुरू झाला. गटारातून आलेलं आणि एकदा शुद्ध केलेलं पाणी तिथे वाळूतून, सूक्ष्म गाळणीतून, आरओच्या पडद्यातून, सक्रिय कोळशावरून जातं आणि नळानं पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलना विकलं जातं. पुढे बमरोलीत आणि डिंडोलीत या कामात आणखी भर पडली. तापीचं चांगलं पाणी मिलच्या हौदात जायचं ते वाचलं, मिलना बारमाही पाणी मिळालं, महापालिकेला उत्पन्न मिळालं. हे काम खरोखर चांगलं आहे, आणि ते तुमच्या गावात झालं याचा तुम्ही अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण मला त्यातली एक गोष्ट वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. मिलला पाणी कसं लागतं हे मिलवाल्याला नेमकं ठाऊक असतं. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर रंग कापडावर सारखा बसत नाही, साडीवर डाग उमटतात, बॉयलरमध्ये खपली धरते. म्हणून मिलच्या लॅबमधला पोरगा रोज पाण्याचा टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, बघतो, जडपणा बघतो. आकडा बिघडला की फोन जातो. म्हणजे विकणाराही मोजतो आणि घेणाराही मोजतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर भांडण होतं, आणि त्या भांडणातच त्या पाण्याची हमी असते.

आता लॅबमधला तोच पोरगा संध्याकाळी बमरोलीतल्या खोलीवर येतो, माठातलं पाणी पितो. त्याला विचारा, या पाण्यात क्लोरीन किती आहे? तो म्हणेल, ‘चांगलं असतं हो, कॉर्पोरेशनचंय.’ नाहीतर म्हणेल, ‘आम्ही आरओ लावलाय.’ साडीच्या पाण्याचा आकडा त्याला तोंडपाठ आहे, लेकराच्या पाण्याचा नाही. यात त्याचा दोष नाही. घरी येणारं पाणी देणाराच तपासतो, देणाराच नोंदवतो, आणि घेणाऱ्याच्या हातात तपासायला काहीही नसतं. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचा पुरावा आहे.

महापालिका तपासत नाही असं मी म्हणतो आहे, असा अर्थ कुणी घेऊ नये. मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांवर प्रयोगशाळा असतात, तिथे माणसं काम करतात, आणि केंद्रातून निघतं ते पाणी सहसा उत्तम असतं. माझा प्रश्न केंद्रातून निघालेल्या पाण्याबद्दल नाहीच. ते पाणी मोठ्या नळातून टाकीत, टाकीतून वस्तीच्या लाइनीत, लाइनीतून गल्लीत, गल्लीतून गटार ओलांडून तुमच्या नळाला येतं. त्या शेवटच्या पाचशे मीटरांत काय होतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आय.एस. १०५००. त्याची सध्याची आवृत्ती २०१२ ची, मागाहून थोड्या दुरुस्त्या झालेली. त्यात लांबलचक तक्ते आहेत, मी तुम्हाला त्यातलं चार ओळींचं सांगतो. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही असता कामा नये. गढूळपणा १ एकक, फार तर ५. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. नायट्रेट ४५. आणि नळाशी, म्हणजे घेणाऱ्याच्या टोकाला, मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असला पाहिजे.

हे मानक कुणावर बंधनकारक आहे? इथे जरा गंमत आहे. बाटलीबंद पाणी विकायचं तर अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो. कित्येक वर्षं त्यावर आयएसआय चिन्हही सक्तीचं होतं. २०२४ मध्ये चिन्हाची सक्ती गेली, पण त्याच वर्षी या पाण्याला जास्त जोखमीच्या अन्नांच्या गटात टाकून तपासण्या कडक केल्या. म्हणजे एका बाटलीमागे कायदा उभा आहे. लाखो लोकांच्या नळाला पाणी देणाऱ्या संस्थेला मात्र हे मानक मार्गदर्शक आहे. ते पाळलं नाही म्हणून कुणाचा परवाना जात नाही, कारण परवानाच नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानं मोठ्या शहरांतल्या नळाच्या पाण्याचे नमुने याच मानकावर तपासून यादी जाहीर केली. मुंबईचे सगळे नमुने उत्तीर्ण झाले, दिल्लीचे सपशेल नापास झाले, आणि आठवडाभर वर्तमानपत्रांत राजकीय धुळवड झाली. मानक सक्तीचं करा अशी मागणी तेव्हा खुद्द मंत्र्यांनीच केली होती. धुळवड संपली, मागणी राहिली.

आपल्या मराठी माणसांना यात आणखी एक धागा सापडेल. सुरत महानगरपालिका ज्या कायद्यानं चालते तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तरी दोन्ही बाजूंनी तोच ठेवला. पुढे इकडे तो गुजरातच्या नावानं ओळखला जाऊ लागला, तिकडे महाराष्ट्राच्या. पुणं आणि सुरत कायद्यानं सख्खे भाऊ आहेत. त्यातलं कलम ६३ महापालिकेची बंधनकारक कामं सांगतं, त्यात पाणीपुरवठा आहे. पण तिथला भर पुरेशा पाण्यावर आहे. १९४९ साली ते स्वाभाविक होतं. शेवटच्या नळाशी क्लोरीन किती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. आज असायला हवं.

आता बमरोलीच्या कागदपत्रांकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत बमरोलीची नोंद ‘सेन्सस टाऊन’ अशी आहे. याचा अर्थ लोकवस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसं लूमवर, मिलमध्ये कामाला येत होती, खोल्या वाढत होत्या, आणि पाण्याची व्यवस्था मात्र गावापुरती होती. २००६ मध्ये सुरतची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली, आणि अशी गावं एका अधिसूचनेनं शहर झाली. अधिसूचना निघायला एक दिवस लागतो. जमिनीखालचे पाइप बदलायला वर्षानुवर्षं लागतात. पंचायतीच्या काळात कुठली लाइन कुठून टाकली याचा नकाशा बहुतेक ठिकाणी पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो, आणि तो माणूस निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त होतो.

हे मी अंदाजानं बोलत नाही. २०२० मध्ये सुरतची हद्द पुन्हा वाढली, त्यात कामरेजजवळचं कठोर गाव आलं. मे २०२१ च्या अखेरीस कठोरच्या विवेकनगर वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि सहा माणसं गेली. कारण निघालं ते असं की गटाराचं पाणी पिण्याच्या लाइनीत मिसळलं होतं. कोविडचा कहर चालू होता, त्यामुळे बातमी चार दिवसांत मागे पडली. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातला आकडा त्या दिवशीही चांगलाच असणार. तो आकडा विवेकनगरच्या कामाचा नव्हता.

सख्ख्या भावाच्या, म्हणजे पुण्याच्या, घरी काय झालं तेही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया-बारेचे रुग्ण वाढू लागले. हात-पाय लुळे पडतात, काहींना श्वासासाठी यंत्र लागतं, असा हा आजार. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली, मृत्यूही झाले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी ही गावं त्यात पुढे होती. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलं, बाकीची बरीच २०२१ मध्ये. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. याच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्या मज्जातंतूंवरच्या साखळ्यांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूला मारता मारता स्वतःच्या नसांवर उठते. या पट्ट्याला नांदेडच्या मोठ्या विहिरीतून पाणी जात होतं. त्यावर गाळण्याची प्रक्रिया नव्हती, फक्त क्लोरीन टाकला जात होता. गावं कर महापालिकेला भरत होती आणि पाणी पंचायतीच्या काळातलंच पीत होती. नंतर टँकर तपासले, खासगी आरओ केंद्रं बंद केली, विहिरीवर कॅमेऱ्यांची गर्दी झाली. साथीचा एकच एक उगम छातीठोक सांगता येईल असं मी म्हणत नाही. पण नळाला क्लोरीन नसल्याचे नमुने तेव्हा मिळत होते, आणि ते साथ आल्यावर तपासले म्हणून मिळत होते, हे महत्त्वाचं.

हा क्लोरीन नेमका करतो काय, ते जरा सविस्तर सांगतो. लोकांना वाटतं, औषध टाकलं, जंतू मेले, काम संपलं. तसं नाही. शुद्धीकरण केंद्रात टाकलेल्या क्लोरीनचा एक भाग तिथल्या घाणीवर खर्च होतो. उरलेला पाण्याबरोबर नळानळातून वस्तीत येतो. वाटेत कुठे घाण शिरली तर तो तिच्यावर तुटून पडतो आणि संपतो. म्हणून शेवटच्या नळाशी क्लोरीन उरला आहे की नाही, यावरून दोन गोष्टी कळतात. उरला असेल तर बहुधा वाटेत मोठी घाण शिरलेली नाही. संपला असेल तर एकतर टाकलाच नव्हता, किंवा कुठेतरी काहीतरी आत आलं आहे. जंतूंची तपासणी करायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, तोवर गल्ली ते पाणी पिऊन मोकळी झालेली असते. क्लोरीनची तपासणी एका मिनिटात होते.

घाण आत येते कशी? तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. वेळ संपली की लाइन रिकामी होते, आतला दाब जातो. ज्या जागी पाइप गळत होता त्याच जागी आता बाहेरचा ओलावा आत ओढला जातो. त्या पाइपला खेटून गटार असेल तर बाहेरचा ओलावा कसला असेल ते सांगायला नको. पावसाळ्यात खाड्या फुगल्या, गल्लीत पाणी भरलं की हे जास्तच होतं. म्हणून पाणी आल्यावर पहिली बादली वेगळी काढायची, हे तुमच्या घरातल्या बायकांना कुठल्याही इंजिनिअरनं न शिकवता ठाऊक असतं. त्यात आपण भर घालतो. पाणी कमी येतं म्हणून थेट लाइनीला मोटर लावतो. मोटर नुसतं पाणी ओढत नाही, जिथून जे मिळेल ते ओढते. शेजाऱ्याच्या नळाचं पाणी ओढते म्हणून भांडणं होतात. शेजारच्या गटाराचं ओढते तेव्हा कुणी भांडत नाही, कारण ते कुणाला दिसत नाही.

हे सगळं खेड्यात कसं हाताळतात, ते मी जवळून पाहिलं आहे. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो. बहुतेकदा तो पाणी सोडणारा शिपाईच असतो. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. नंतर गावातल्या वेगवेगळ्या नळांशी ओटी टेस्ट घ्यायची. परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नोंद रजिस्टरमध्ये. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य कर्मचारी पाण्याच्या प्रत्येक स्रोताची पाहणी करतात. भोवती उकिरडा आहे का, ओटा फुटला आहे का, पावडर शिल्लक आहे का, जलसुरक्षक प्रशिक्षित आहे का. त्यावरून पंचायतीला कार्ड मिळतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं तर चंदेरी. ही कार्डांची पद्धत मला फार आवडते. ती साधी आहे, आणि गावातल्या कुणालाही विचारता येतं, ‘सरपंच, कार्ड कोणतं मिळालं औंदा?’

पण हीच पद्धत कागदावर मरतेही. खानदेशातल्या एका पंचायतीत मी क्लोरीनच्या नोंदीचं रजिस्टर चाळत होतो. रोज ०.५. महिनोन्महिने ०.५, एकाच शाईत, एकाच हातानं, पंधरा ऑगस्टलाही आणि पुराच्या दिवशीही. पावडरचं पोतं ओल लागून दगड झालेलं होतं. ब्लीचिंग पावडर उघडी, दमट राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि चुना उरतो. मी विचारल्यावर शिपाई म्हणाला, ‘साहेब, पाणी चांगलंय, आम्ही तेच पितो.’ तो खोटं बोलत नव्हता. तो खरंच तेच पाणी पीत होता.

हे वाक्य मला पुढे आणखी एका ठिकाणी भेटलं, कॅनडातल्या एका चौकशी अहवालात. वॉकरटन हे ऑन्टॅरिओ प्रांतातलं सुमारे ४,८०० वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे पाच दिवस जोराचा पाऊस झाला. शेजारच्या शेतातलं शेण पावसाबरोबर गावाच्या पाच नंबरच्या उथळ विहिरीत उतरलं. त्या शेतकऱ्यानं सगळं नियमानुसार केलं होतं, त्याला कुणी दोष दिला नाही. पाण्यात ई-कोलायची घातक जात आली. सुमारे २,३०० लोक, म्हणजे जवळजवळ निम्मं गाव, आजारी पडले, सात मेले.

गावच्या पाणीखात्याचा व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि मुकादम त्याचा भाऊ फ्रँक. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी चौकशी केली, तेव्हा निघालं की क्लोरीनच्या रोजच्या नोंदी वर्षानुवर्षं मनानेच लिहिल्या जात होत्या. ०.५, नाहीतर ०.७५. खानदेशातल्या शिपायाच्या आणि ऑन्टॅरिओतल्या मुकादमाच्या हाताला एकच आकडा सुचावा याचं मला अजून नवल वाटतं. हे भाऊ खुनशी नव्हते. विहिरीचं कच्चं पाणी ते स्वतः पीत आणि त्यांना ते गोड लागे. गावकरीच क्लोरीनच्या वासाची तक्रार करत. दोघांनाही रीतसर प्रशिक्षण नव्हतं, केवळ जुने म्हणून त्यांना प्रमाणपत्रं मिळाली होती. प्रांतिक सरकारनं १९९६ मध्ये सरकारी प्रयोगशाळांतली पाणीतपासणी बंद करून ती खासगी प्रयोगशाळांकडे जाऊ दिली होती. १७ मे रोजी अशा एका प्रयोगशाळेनं पाणी दूषित असल्याचा निकाल कळवला, पण फक्त व्यवस्थापकाला. आरोग्य खात्याला कळवण्याचं तिच्यावर बंधन नव्हतं. आरोग्य खात्यानं फोन करून विचारलं तेव्हा व्यवस्थापकानं पाणी ठीक असल्याचं सांगितलं. लेकरं रुग्णालयात भरती होत असताना आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर २१ मे रोजी पाणी उकळून प्यायचा इशारा दिला, आणि मग स्वतः नमुने घेतले. ओकॉनर यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. पाच नंबरच्या विहिरीवर क्लोरीन सतत मोजणारं यंत्र असतं, आणि आकडा पडताच पंप बंद होण्याची सोय असती, तर ही साथ टळली असती.

दोघा भावांना शिक्षा झाली, पण मला त्यापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑन्टॅरिओनं २००२ मध्ये सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र कायदा केला. पाणी देणाऱ्या संस्थेला परवाना, चालवणाऱ्याला परीक्षा, प्रयोगशाळेला वाईट निकाल थेट आरोग्य खात्याला कळवण्याची सक्ती. आणि पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या नगरसेवकांवरही व्यक्तिशः काळजी घेण्याची जबाबदारी. आपल्याकडे हे शेवटचं कलम आणलं तर निवडणुकीला उमेदवार मिळायचे नाहीत, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, मिळतील. पाण्याच्या लाइनीवर बोलणारे उमेदवार मिळतील, एवढाच फरक.

अमेरिकेच्या कायद्यातली एक व्याख्या तर तुमच्या चाळींसाठीच लिहिली असावी असं मी म्हणेन. पंधरा जोडण्या, किंवा वर्षात निदान साठ दिवस पंचवीस माणसं, एवढ्यांना पाणी देणारी कुठलीही व्यवस्था तिथे सार्वजनिक पाणीपुरवठा ठरते आणि नियमांखाली येते. पंचवीस माणसं! तुमच्या एका माळ्यावर तेवढी असतात. लूमच्या एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, दोन पाळ्यांत मिळून त्याहून जास्त. सोसायटीनं बोअर मारून वर टाकीत चढवलेलं पाणी आपल्याकडे कुणाच्याच हिशेबात नाही. महापालिकेचं म्हणणं, आमची हद्द मीटरपर्यंत. सोसायटीच्या चेअरमनचं म्हणणं, टाकी दिवाळीला धुतली. लूमखात्याचं तर विचारूच नका. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याच्या पाण्याचं चांगलं कलम होतं, अठरावं. पाण्याच्या जागी बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचं पाणी’ असं लिहायचं, आणि ती जागा मुतारी-संडासापासून सहा मीटरच्या आत ठेवायची नाही. आता सांगा, तुमच्या खात्यात माठ कुठे ठेवलाय? आणि पाटी असलीच तर ती मराठी, उडिया, हिंदी कळणाऱ्यांसाठी आहे का? कामगारांची संख्या कागदावर कमी दाखवली की हे कलम लागूच होत नव्हतं, हा भाग वेगळा.

आरओविषयी थोडं, कारण व्याख्यान संपल्यावर हाच प्रश्न पहिला येईल. आरओ क्षार काढतो, बोअरचं खारं पाणी असेल तर त्याचा उपयोग आहे. पण त्यातला कोळशाचा फिल्टर आधी क्लोरीन काढून टाकतो. मग ते पाणी टाकीत किंवा कळशीत तासन्‌तास पडून राहिलं तर त्याचं रक्षण करणारं काही उरत नाही. वीस लिटरच्या थंड पाण्याच्या जारचं तेच. त्यावर सील नसेल तर ते कायद्याच्या भाषेत पॅकबंदही नाही, आणि भरणाऱ्यानं जार कशानं धुतला हे तुम्हाला कळण्याची सोय नाही. महापालिकेच्या नळाला क्लोरीन टिकला असेल तर त्या पाण्यावर मी त्या जारपेक्षा जास्त विश्वास ठेवीन. तापीचं पाणी तसं खारं नाही. गिरणा, पांझरा, वाघूर यांचंच पाणी प्रकाशा, उकाई, काकरापार करत इथवर येतं, तुमच्या गावचंच आहे. मग आरओ कशासाठी लावता? नळावर विश्वास नाही म्हणून. आणि विश्वास नाही कारण आकडा दिसत नाही. आकडा मागण्यापेक्षा यंत्र विकत घेणं सोपं वाटतं, आणि दर वर्षी फिल्टर बदलायला पैसेही जातात.

आकडा कुणी मोजायचा? जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, तेव्हा एक चांगली गोष्ट झाली. प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. गुजरातेत त्याआधीही, २००२ पासून, ‘वास्मो’ या सरकारी संस्थेनं गावोगाव पाणी समित्या उभ्या केल्या होत्या. आता विचित्रपणा पाहा. गाव गाव असतं तोवर त्याला पाच बायका आणि एक किट मिळण्याचा हक्क आहे. तेच गाव शहराच्या हद्दीत आलं की तो हक्क जातो, कारण मिशन ग्रामीण आहे. शहरांच्या ‘अमृत’ योजनेत बचत गटांना पाणीतपासणीच्या कामात घेण्याची सोय आता आहे, पण ती महापालिकेच्या मर्जीवर. ज्या वर्षांत पाण्याला सगळ्यात जास्त धोका असतो, जुने पाइप आणि नवी वस्ती एकत्र असतात, नेमक्या त्याच वर्षांत मोजणारे हात काढून घेतले जातात. कठोर आणि नांदेड, दोन्ही गावं अशाच वर्षांत सापडली.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. बमरोलीसारख्या प्रत्येक भागात लाइनीच्या शेवटी येणारे काही नळ ठरवून द्यावेत. त्यांवर रोज क्लोरीन मोजावा, आणि तो मोजणारा माणूस पाणी सोडणाऱ्या माणसाच्या हाताखालचा नसावा. आकडा वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर गुजरातीत, मराठीत, हिंदीत लिहावा. ०.२ च्या खाली गेला तर आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सार्वजनिक संस्थांना माहिती आपणहून जाहीर करायला सांगतंच. तोवर एका अर्जावर तुमच्या भागातल्या नमुन्यांचे निकाल मागवता येतात. अर्ज करताना ‘पाणी चांगलं आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ असं येईल. गेल्या पावसाळ्यात कुठल्या नळाचे, कुठल्या तारखेला, किती वाजता नमुने घेतले आणि मुक्त क्लोरीन किती आला, असं विचारा.

लोक घाबरतील, असा एक आक्षेप घेतला जातो. आकडे जाहीर झाले की गोंधळ उडेल, टँकरवाल्यांचं फावेल. काही दिवस उडेलही. पण लोक आज घाबरलेले नाहीत असं थोडंच आहे? घराघरातले आरओ आणि दारोदारचे जार हे त्या भीतीचेच पुरावे आहेत. या भीतीला फक्त आकडा जोडलेला नाही, म्हणून ती कुणाला जाब विचारत नाही. आणि महापालिकेचंही यात हित आहे. मिलला विकलेल्या पाण्याचा आकडा ती रोज दाखवू शकते, तर घरच्या पाण्याचा दाखवायला तिला लाज वाटायचं कारण नाही. बरेचदा तो चांगलाच निघेल.

व्याख्यानानंतर मी बाहेरच्या टेबलाशी थांबणार आहे, क्लोरीन मोजायचा क्लोरोस्कोप आणि त्याचं औषध सोबत आणलं आहे. पुष्कळ जणांनी घरून बाटल्या भरून आणल्या आहेत असं संयोजक म्हणाले. त्या तपासायचा आग्रह करू नका. बाटलीत भरून तास-दोन तास फिरवलेल्या पाण्यातला क्लोरीन वाटेतच कमी होतो, आणि मग मी तुमच्या नळाला उगाच दोष देईन. तपासणी नळाशी, पाणी आल्यावर पाच-दहा मिनिटांनी, मोटर बंद ठेवून करायची असते. ती कशी करायची ते मी दाखवतो. ऑर्थोटोलिडीन हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी पिऊ नका, जनावरांच्या हौदातही ओतू नका. कुणाच्या गल्लीत पाणी उद्या सकाळी येणार असेल तर त्यांनी वेळ सांगून ठेवा, मी उद्या दुपारच्या गाडीनं जाणार आहे.